छत्तिसावी निवड: डॅरियस लेनर्डच्या २०१८ मधील पदार्पणाच्या हंगामाचा प्रकरण अभ्यास

१६ सप्टेंबर २०१८ रोजी मेरीलँड राज्यातील लँडोव्हर येथे अमेरिकन फुटबॉलमधील इंडियानापोलिस कोल्ट्स या संघाने वॉशिंग्टनच्या संघाला त्याच्याच मैदानावर २१-९ असे हरवले. कोल्ट्सच्या ५३ क्रमांकाच्या लाइनबॅकरने त्या दुपारी १८ वेळा प्रतिस्पर्ध्याला पकडून जमिनीवर आणले, त्यांपैकी १५ वेळा कोणाच्याही मदतीशिवाय. एकदा त्याने क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या आक्रमणाच्या सूत्रधाराला, चेंडू फेकण्यापूर्वीच गाठले, एक पास हवेतच उडवून लावला आणि एकदा चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या हातून तो निसटायला लावला. डॅरियस लेनर्डचा व्यावसायिक फुटबॉलमधील हा दुसराच सामना होता.

हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १५ सामन्यांत १६३ पकडी होत्या आणि नॅशनल फुटबॉल लीगच्या ३२ संघांतील अन्य कोणत्याही खेळाडूला त्या वर्षी हा आकडा गाठता आला नव्हता. तरीही एप्रिलमधील ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याच्याआधी ३५ नावे पुकारली गेली होती आणि त्यांत आघाडीच्या फळीमागे उभे राहणारे चार लाइनबॅकर होते. इतक्या तज्ज्ञांच्या नजरेतून जे सुटले ते एका हंगामात सर्वांना दिसू लागले, हे कसे घडले, हा या लेखाचा विषय आहे. लेनर्डच्या गुणवत्तेला मी कमी लेखत नाही. परंतु त्या गुणवत्तेला नेमकी जुळणारी जागा आणि नेमकी जुळणारी बचावपद्धत पहिल्याच वर्षी मिळाली नसती, तर हा हंगाम असा घडला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या १६३ या आकड्यामुळे हा हंगाम लक्षात राहिला, तो आकडा या यशाचा सर्वांत कच्चा पुरावा आहे, असेही मला वाटते.

हा खेळ फारसा न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. बचाव करणाऱ्या अकरा जणांत सर्वांत पुढे धिप्पाड खेळाडूंची आघाडीची फळी असते आणि सर्वांत मागे, लांबचे पास अडवणारे चपळ खेळाडू असतात. या दोहोंच्या मध्ये लाइनबॅकर उभा असतो. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला रोखणे, जवळचे पास अडवणे आणि प्रसंगी थेट क्वार्टरबॅकवर चाल करून जाणे, ही तिन्ही कामे त्याच्या वाट्याला येतात व प्रत्येक डाव सुरू झाल्यावर त्यांपैकी कोणते करायचे हे त्याला एखाद्या क्षणात ठरवावे लागते. कबड्डीत कोपरारक्षकाने पाऊल टाकण्याआधी चढाईपटूचा कल ओळखावा लागतो. तसेच काहीसे हे आहे, फक्त इथे समोर एक नव्हे तर अकरा जण हलत असतात आणि त्यांतील काही केवळ फसवण्यासाठी हलत असतात. टॅकलला या लेखात मी ‘पकड’ हाच शब्द वापरला आहे.

संघाची अवस्था

२०१७ चा हंगाम कोल्ट्ससाठी वाईट गेला होता. क्वार्टरबॅक अँड्र्यू लक खांद्याच्या दुखापतीमुळे संपूर्ण वर्ष बाहेर होता, संघ १६ पैकी केवळ ४ सामने जिंकला, त्याने ४०४ गुण दिले आणि त्याच्या क्वार्टरबॅकना प्रतिस्पर्ध्यांनी ५६ वेळा चेंडूसह खाली पाडले, जे त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक होते. प्रशिक्षक चक पगानो यांना जावे लागले. त्यांच्या जागी येण्याचे कबूल केलेल्या जॉश मॅकडॅनियल्स यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये ऐनवेळी नकार दिला, आणि मग फिलाडेल्फिया ईगल्सच्या सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजयात आक्रमणाची आखणी सांभाळणारे फ्रँक राइक यांच्याकडे संघ सोपवण्यात आला. या गोंधळात एक गोष्ट मात्र आधीच ठरून गेली होती. बचावाचे समन्वयक म्हणून मॅट एबरफ्लूस यांची नेमणूक झालेली होती आणि राइक यांनी ती कायम ठेवली. लेनर्डच्या दृष्टीने ही नेमणूक मुख्य प्रशिक्षकाच्या नेमणुकीहूनही महत्त्वाची ठरली.

महाव्यवस्थापक ख्रिस बॅलार्ड यांनी मार्चमध्ये ड्राफ्टमधील आपली तिसऱ्या क्रमांकाची निवड न्यूयॉर्क जेट्सला दिली व बदल्यात सहावी, सदतिसावी आणि एकोणपन्नासावी निवड, शिवाय पुढील वर्षीच्या दुसऱ्या फेरीतील एक निवड घेतली. जेट्सना क्वार्टरबॅक हवा होता, तर कोल्ट्सना एकाच वेळी अनेक जागा भरायच्या होत्या. सहाव्या क्रमांकावर त्यांनी नोत्र दाम विद्यापीठाचा गार्ड, म्हणजे आक्रमणाच्या फळीत अडवणारा खेळाडू, क्वेंटन नेल्सन घेतला. छत्तिसावी निवड कोल्ट्सची स्वतःचीच होती आणि तीत त्यांनी लेनर्डचे नाव दिले. लगोलग सदतिसाव्या निवडीत ऑबर्न विद्यापीठाचा, आक्रमणाच्या फळीतलाच ब्रेडन स्मिथ आला. लेनर्डच्या निवडीवर त्या आठवड्यात बरीच टीका झाली, कारण अनेक विश्लेषकांच्या यादीत त्याचे नाव बरेच खाली होते.

ऑरेंजबर्गहून आलेला खेळाडू

या टीकेमागे दोन कारणे होती. पहिले कारण म्हणजे तो कोठून आला होता. दक्षिण कॅरोलिनातील निकोल्सचा जन्म, लेक व्ह्यू येथील शाळा आणि ऑरेंजबर्गचे साउथ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ, असा त्याचा प्रवास होता. हे विद्यापीठ अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या ऐतिहासिक संस्थांपैकी एक आहे आणि त्याचा संघ महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च गटाखालच्या गटात खेळतो. याच विद्यापीठाने हॅरी कार्सन आणि डॉनी शेल यांच्यासारखे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचलेले बचावपटू दिले आहेत. त्यामुळे तेथे दर्जा नसतो असे म्हणायला जागा नाही. पण शनिवारी दूरचित्रवाणीवर झळकणाऱ्या मोठ्या विद्यापीठांच्या खेळाडूंना जी प्रसिद्धी मिळते, ती तेथील मुलांना मिळत नाही. लेनर्डचा मोठा भाऊ क्लेमसन विद्यापीठाकडून आणि पुढे व्यावसायिक लीगमध्ये लाइनबॅकर म्हणून खेळला होता. धाकट्याला मात्र क्लेमसनने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये, त्या हंगामात पुढे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या क्लेमसनने साउथ कॅरोलिना स्टेटचा ५९-० असा धुव्वा उडवला, आणि त्या एकतर्फी सामन्यात लेनर्डने १९ पकडी केल्या. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही तो आपल्या परिषदेतील, म्हणजे विद्यापीठांच्या स्पर्धागटातील, सर्वोत्तम बचावपटू ठरला.

दुसरे कारण मोजपट्टीचे होते. ड्राफ्टपूर्व चाचणीत ४० यार्डांचे अंतर त्याने ४.७० सेकंदांत पार केले. लाइनबॅकरसाठी हा वेळ वाईट नसला, तरी मैदानभर धावून चेंडू गाठणाऱ्या खेळाडूकडून यापेक्षा अधिक वेगाची अपेक्षा असते. त्याच चाचणीतील दुसऱ्या एका मापाकडे तितके लक्ष गेले नाही. सहा फूट दोन इंच उंचीच्या या खेळाडूच्या हातांची लांबी ३४ इंचांहून अधिक भरली होती, म्हणजे आघाडीच्या फळीतील बलदंड खेळाडूंच्या हातांइतकी. लांब हातांचा खेळाडू अडवणाऱ्याला अंगाशी येऊ देत नाही, बाजूने निसटणाऱ्याला शेवटच्या क्षणी धरू शकतो, पासच्या वाटेत हात घालू शकतो आणि पकड करता करता दुसऱ्या हाताने चेंडूवर ठोसा मारू शकतो. सरळ रेषेतील धावेत यांपैकी काहीच दिसत नाही. शिवाय लाइनबॅकरचा खरा वेग पहिल्या पावलाच्या वेळेत असतो. आक्रमणाचा डाव अर्ध्या क्षणाआधी ओळखून निघालेला खेळाडू, उशिरा निघालेल्या अधिक वेगवान खेळाडूच्या आधी पोहोचतो.

जागा आणि पद्धत

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. पगानो यांच्या काळात कोल्ट्सचा बचाव आघाडीला तीन आणि मागे चार लाइनबॅकर अशा रचनेचा होता. एबरफ्लूस यांनी तो बदलून आघाडीला चार व मागे तीन अशी रचना आणली आणि तिच्यामागे टॅम्पा-टू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्ररक्षणाची तत्त्वे ठेवली. या पद्धतीत क्वार्टरबॅकवर दबाव आणण्याचे काम मुख्यतः आघाडीच्या चौघांनीच करायचे असते आणि बाकीचे सात जण आपापला भूभाग राखतात. त्यांनी ठरावीक प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करायचा नसतो, तर क्वार्टरबॅककडे तोंड करून उभे राहायचे असते. लांबचा पास कोणत्याही परिस्थितीत द्यायचा नाही, जवळचा झाला तर होऊ द्यायचा, पण चेंडू झेलणाऱ्याला तिथल्या तिथे पाडायचे, हा तिचा नियम आहे.

लेनर्डला या रचनेतील कमकुवत बाजूच्या लाइनबॅकरची जागा मिळाली, जिला तेथे ‘विल’ म्हणतात. ‘कमकुवत’ हा शब्द येथे फसवा आहे. आक्रमणाचा टाइट एंड, म्हणजे फळीच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू, ज्या बाजूला उभा असतो तिच्या विरुद्ध बाजू, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाजूला अडवणारा एक गडी कमी असतो आणि पुढचे आघाडीचे खेळाडू समोरच्या गार्डना गुंतवून ठेवत असल्यामुळे ‘विल’ला मोकळे धावता येते. २३४ पौंड वजनाच्या लेनर्डला प्रत्येक डावात तीनशे पौंडांच्या गार्डशी थेट भिडावे लागले असते, तर त्याचे लांब हात आणि लवकर ओळखणारी नजर यांचा निम्मा उपयोग वाया गेला असता. तो नेमका तेथे उभा होता जेथे पाहणे, ओळखणे आणि धावणे यांनाच सर्वाधिक मोल होते. मधल्या लाइनबॅकरची जबाबदारी अँथनी वॉकर सांभाळत होता.

एबरफ्लूस यांचा सराव पाहिला तर ही जुळणी आणखी घट्ट दिसते. धडपड, तीव्रता, चेंडू हिसकावणे आणि प्रसंगानुसार शहाणपणाने खेळणे, या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांनी ‘हिट्स’ हा मंत्र बनवला होता आणि सामन्यानंतर चित्रफीत पाहताना कोणत्या खेळाडूने कोणत्या डावात पाय ओढले याची मोजणी केली जात असे. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी तिकडे धाव घ्यायचीच, ही त्या बचावाची शिस्त होती. पकड करताना चेंडूवर ठोसा मारण्याचे तंत्र शिकागो बेअर्सच्या चार्ल्स टिलमनने रूढ केले. लेनर्डने ते आपलेसे केले आणि त्याच्या हातांच्या लांबीमुळे ते त्याला विशेष साधले.

हंगाम

सुरुवात निराशाजनक झाली. पहिल्या सहा सामन्यांत कोल्ट्सला एकच विजय मिळाला, तोही वॉशिंग्टनविरुद्धचा. सहाव्या सामन्यात घोट्याच्या दुखापतीमुळे लेनर्ड खेळला नाही आणि जेट्सनी ४२ गुण केले. केवळ त्याच्या गैरहजेरीवर हे खापर फोडता येणार नाही, कारण त्याआधीच्या आठवड्यात तो मैदानात असतानाही न्यू इंग्लंडने ३८ गुण केलेच होते. नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागत होता.

त्यानंतरच्या दहा सामन्यांपैकी नऊ कोल्ट्सने जिंकले. एकमेव पराभव २ डिसेंबर रोजी जॅक्सनव्हिलमध्ये ६-० असा झाला आणि त्या दिवशी बचावाने आपले काम चोख केले होते. आक्रमणालाच गुण करता आले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी सलग नऊ सामने जिंकलेल्या ह्यूस्टनला त्याच्याच मैदानात हरवले. १६ डिसेंबर रोजी डॅलस काउबॉइजविरुद्ध २३-० असा विजय मिळाला. डॅलसचा संघ त्याआधी लागोपाठ पाच सामने जिंकून आला होता आणि २००३ नंतर प्रथमच त्याला एकही गुण मिळाला नाही. माझ्या मते हा सामना या हंगामाचा केंद्रबिंदू आहे, कारण समोरच्या बाजूला लेटन व्हँडर एश हा त्याच ड्राफ्टमध्ये एकोणिसाव्या क्रमांकावर निवडलेला लाइनबॅकर खेळत होता. व्हँडर एशचा हंगामही उत्तम होता. त्याने १४० पकडी केल्या. आठव्या क्रमांकावर घेतलेल्या रोक्वान स्मिथने शिकागोसाठी १२२, तर सोळाव्या क्रमांकावरच्या ट्रेमेन एडमंड्सने बफेलोसाठी १२१ पकडी केल्या. म्हणजे निवड करणाऱ्यांनी चुकीचे खेळाडू घेतले असे मुळीच नव्हते. चूक एवढीच होती की लेनर्डला त्यांच्या पंक्तीत बसवले गेले नाही.

३० डिसेंबर रोजी नॅशव्हिलमध्ये टेनेसीविरुद्धचा सामना जिंकेल तोच प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जाईल अशी स्थिती होती. कोल्ट्सने तो ३३-१७ असा जिंकला आणि १-५ अशा सुरुवातीनंतर प्लेऑफ गाठणारा तो लीगच्या इतिहासातील तिसराच संघ ठरला.

आकडे किती बोलतात

लेनर्डच्या १६३ पकडींपैकी १११ एकट्याने केलेल्या होत्या आणि ५२ दुसऱ्याच्या साहाय्याने. कोणती पकड एकट्याची व कोणती संयुक्त, हे प्रत्येक मैदानावरील गुणलेखक ठरवतात आणि त्यांच्या निकषांत फरक असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जी पद्धत जवळचे पास मुद्दाम होऊ देते आणि झेलणाऱ्याला तिथेच पाडायला सांगते, तिच्या ‘विल’च्या नावावर पकडी साचणारच. प्रतिस्पर्धी पाच यार्ड पुढे गेल्यावर झालेली पकडही या मोजणीत एकच धरली जाते आणि त्याला मागे ढकलून केलेली पकडही एकच.

म्हणून मी बाकीच्या रकान्यांकडे अधिक आदराने पाहतो. त्याने क्वार्टरबॅकला ७ वेळा चेंडूसह पाडले, चार वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू निसटवला, दोन वेळा सुटा चेंडू ताब्यात घेतला, दोन पास स्वतः झेलले आणि आठ पास उधळले. ज्या पद्धतीचा पायाच चौघांच्या चालीवर आहे, तिच्यात मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरने सात वेळा क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणे ही मोठी गोष्ट आहे. धाव, पास आणि दबाव या तिन्ही आघाड्यांवर एकाच खेळाडूने एकाच वर्षी आपली छाप सोडावी, हे नवोदिताच्या बाबतीत क्वचित पाहायला मिळते आणि ते गुणलेखकाच्या मर्जीवर अवलंबून नसते.

त्याच वेळी, संघाच्या सुधारणेचे सारे श्रेय त्याला देणेही अन्यायाचे होईल. कोल्ट्सने २०१८ मध्ये ३४४ गुण दिले, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा ६० कमी. पण त्याच वर्षी लक परतला होता, आणि नेल्सन व ब्रेडन स्मिथ यांच्या येण्याने आक्रमणाची फळी इतकी सुधारली की क्वार्टरबॅक खाली पाडले जाण्याची संख्या ५६ वरून १८ वर, म्हणजे लीगमधील सर्वांत कमी संख्येवर आली. आक्रमण चेंडू राखू लागले की बचावाला विश्रांती मिळते. शिवाय विजयमालिकेतील काही प्रतिस्पर्धी दुबळ्या अवस्थेत होते: बफेलोने नुकताच करारबद्ध केलेला क्वार्टरबॅक डेरेक अँडरसन खेळवला होता आणि टेनेसीचा क्वार्टरबॅक मार्कस मारिओटा शेवटच्या सामन्यात दुखापतीमुळे बाहेर होता. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनला २१-७ असे हरवल्यावर १२ जानेवारी २०१९ रोजी कॅन्सस सिटीने कोल्ट्सला ३१-१३ असे रोखले, आणि त्या दिवशी डेमियन विल्यम्सने १२९ यार्ड धावून या बचावाच्या हलक्या अंगाची मर्यादा उघड केली. वेगावर उभ्या असलेल्या बचावाला समोरच्या फळीने जागेवरच गुंतवले, तर मागचे लाइनबॅकर कितीही चपळ असले तरी कमी पडतात.

मान्यतेचा उलटा क्रम

डिसेंबरमध्ये प्रो बोलचे, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्याचे, संघ जाहीर झाले तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक पकडी करणाऱ्या लेनर्डचे नाव त्यांत नव्हते. ती निवड चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या समसमान मतांवर होते आणि अशा मतदानात आधीपासून परिचित असलेली नावे पुढे राहतात. काही दिवसांनी असोसिएटेड प्रेसच्या ५० पत्रकारांनी निवडलेल्या ऑल-प्रो, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात मात्र तो बॉबी वॅग्नर आणि ल्यूक कीकली या लाइनबॅकरांच्या शेजारी पहिल्या फळीत होता. नेल्सनही त्याच फळीत आला. एकाच संघातील दोन नवोदितांनी हा मान मिळवण्याची ही १९६५ मधील शिकागोच्या डिक बटकस आणि गेल सेयर्स यांच्यानंतरची पहिलीच वेळ होती. २ फेब्रुवारी २०१९ रोजी अटलांटात लेनर्डला सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा पुरस्कार मिळाला. कोल्ट्सच्या खेळाडूला तो त्याआधी १९८५ मध्ये ड्वेन बिकेटला मिळाला होता.

हा हंगाम योगायोगाचा नव्हता याचा पुरावा पुढील तीन वर्षांनी दिला. २०२० आणि २०२१ मध्येही तो ऑल-प्रो संघाच्या पहिल्या फळीत होता आणि २०२१ मध्ये त्याने आठ वेळा चेंडू निसटवला, जे त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक होते. त्यानंतर शरीराने साथ सोडली. पाठीच्या शस्त्रक्रियांमुळे २०२२ मध्ये तो केवळ तीन सामने खेळू शकला. त्याच वर्षी त्याने आपल्याला शकील या मधल्या नावाने ओळखावे अशी इच्छा व्यक्त केली होती. नसेच्या त्रासाने पायाची ताकद गेली आणि त्याच्या खेळाचा आधार असलेले ते पहिले पाऊलच उशिरा पडू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोल्ट्सने त्याला मुक्त केले.

त्याचा १६३ पकडींचा संघविक्रम तोवर मोडला गेला होता. २०२२ मध्ये, लेनर्ड बहुतेक काळ मैदानाबाहेर असताना, झायर फ्रँकलिनने १६७ पकडी केल्या. फ्रँकलिनलाही कोल्ट्सने २०१८ च्याच ड्राफ्टमध्ये घेतले होते, सातव्या फेरीत, एकूण २३५ व्या क्रमांकावर.